अंतकाळीचे स्मरण आणि संत बहिणाबाई

शके १५५० (सन १६२८) मध्ये वेरूळजवळील देवगाव येथे बहिणाबाईंचा जन्म झाला. बालवयातच शिऊरच्या पाठक आडनावाच्या बिजवराशी त्यांचा विवाह झाला. पुढे कोल्हापुरी जयराम स्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग कानी पडले आणि त्यांना तुकोबांचाच ध्यास लागला. पतीस तो असह्य होऊन त्यांनी पत्नीस निर्दयपणे मारले. अशातच लाडके वासरू मेले. त्या आघाताने बहिणाबाई काही दिवस निश्चेष्ट पडल्या.

त्या ग्लानीच्या दिवसांतच स्वप्नी दर्शन घडले, ते कधीही न पाहिलेल्या तुकोबांचे! त्यांनी मस्तकी हात ठेवून मंत्र दिला आणि मंत्रगीता नावाची पोथी दिली. हा वृत्तांत बहिणाबाईंनीच आपल्या अभंगांत कथन केला आहे. पुढे पती आजारी पडले. पत्नीच्या सेवेने त्यांचे मन पालटले आणि उभयता देहूस गेली.

सन १९८६ मध्ये सत्वंत पसरिचा व इयान स्टीव्हन्सन यांनी मृत्यूच्या दारातून परतलेल्या १६ भारतीयांचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांत यमदूत येतात. पाश्चात्त्यांच्या अनुभवांत ते आढळत नाहीत. जसा संस्कार, तसे दर्शन.

गीतेचा आठवा अध्याय अंतकाळीच्या स्मरणाचे महत्त्व सांगतो, आणि म्हणूनच सर्वकाळ स्मरणाची आज्ञा करतो. शके १६२२ (सन १७००) मध्ये देह ठेवताना बहिणाबाईंनी पुत्रास आपल्या मागील १२ जन्मांची कथा शांत चित्ताने सांगितली. मार सोसून, संसार सांभाळून जपलेल्या नामाचे ते फळ होय. गृहस्थांनी तो अभ्यास आजच आरंभावा. शेवटच्या श्वासास नवे काही शिकण्याची सवड नसते.