सनदेमागचा हात

बॅरिस्टर होऊन १९२३ साली मुंबईत परतलेल्या बाबासाहेबांकडे वकिलीची सनद घ्यायलाही पैसे नव्हते. मित्र नवल भथेना धावून आले. जातीमुळे सॉलिसिटर कामे देईनात. संसारासाठी १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत शिकवावे लागले. तरीही १९२६ साली त्यांनी जेधे-जवळकरांना ‘देशाचे दुश्मन’ खटल्यातून सोडवले. महाडच्या चवदार तळ्याचा दावा नेटाने लढवून १९३७ साली हायकोर्टात जिंकला.

२०२० च्या कोरोनात कोर्टांचे नेहमीचे कामकाज थांबले. गोरगरिबांचे खटले फुकट लढणाऱ्या आपल्या कित्येक तरुण वकिलांची मिळकत बुडाली. जयंतीला आम्ही त्यांना हार घालतो. पण त्या दिवसांत आमच्यातले भथेना किती झाले? सत्कार जरूर करू, आधी हात देऊ. जयभीम!