शिरूर-पुण्याचा लष्करी चॅप्लेन : टॉमस रॉबिन्सन (१७९०–१८७३)

ठाण्याचे सेंट जेम्स चर्च आणि पुण्याच्या लष्करातील सेंट मेरी चर्च या दोन्ही प्रार्थनामंदिरांचा समर्पणविधी १८२५ मध्ये कलकत्त्याचा बिशप रेजिनल्ड हीबर याच्या हस्ते झाला. हीबरच्या प्रवासवर्णनामुळे त्याचे नाव पश्चिम भारताच्या इतिहासात राहिले. त्याच वर्षी त्याचा खासगी चॅप्लेन म्हणून नेमला गेलेला टॉमस रॉबिन्सन मात्र आपल्याकडे जवळजवळ विस्मृत आहे. आपल्या काळी तो धर्मपंडित व भाषापंडित म्हणून इंग्लंडातही नावाजलेला होता. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याच्याकडे वळावे याचे कारण थोडे निराळे आहे. अर्वाचीन मराठी गद्य आकाराला येत असतानाच हा पुरुष शिरूर आणि पुणे येथे राहून एका मोठ्या भाषांतराच्या कामात गढलेला होता. पण ते भाषांतर मराठीत नव्हते, फारसीत होते. त्याचे चरित्र पाहताना या निवडीचा उलगडा करणे हेच प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

रॉबिन्सनचा जन्म १७९० चा. लेस्टर येथील सेंट मेरी चर्चचे धर्मगुरू टॉमस रॉबिन्सन यांचा तो धाकटा मुलगा. वडील इव्हँजेलिकल मताचे, म्हणजे वैयक्तिक श्रद्धा आणि शास्त्रवाचन यांवर भर देणाऱ्या पंथाचे होते. रग्बीची शाळा व केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज येथे त्याचे शिक्षण झाले. १८१३ मध्ये तो गणित व अभिजात भाषा या दोहोंत उत्तम यश मिळवून पदवीधर झाला. पुढे धर्मदीक्षा घेऊन तो हिंदुस्थानात आला आणि मुंबई इलाख्यात चॅप्लेन म्हणून काम करू लागला. त्याची पहिली नेमणूक शिरूर येथे आणि नंतरची पुणे येथे झाली.

चॅप्लेन आणि मिशनरी यांत आपल्याकडे बरेचदा गल्लत होते. दोघांनाही लोक पाद्रीच म्हणत. मिशनरी हा एखाद्या धर्मप्रसारक संस्थेचा मनुष्य असे. चॅप्लेन मात्र कंपनी सरकारचा पगारी नोकर. कंपनीच्या युरोपीय नोकरांची व सैनिकांची धार्मिक व्यवस्था पाहणे हे त्याचे काम. रविवारी पलटणीपुढे उपासना चालवावी, रुग्णालयातील आजारी शिपायांना भेटावे, बाप्तिस्मे व विवाह लावावेत, मृतांना मूठमाती द्यावी आणि या सर्वांची नोंदवही ठेवावी, असा त्याचा दिनक्रम. १८१३ च्या सनदेने कलकत्त्यास बिशपचे पद आणि तिन्ही इलाख्यांत आर्चडीकनची पदे निर्माण झाली, तेव्हा या व्यवस्थेला पक्के रूप आले. एतद्देशीयांना उपदेश करणे हा चॅप्लेनच्या नोकरीचा भाग नव्हता. भाषेची आवड असलेल्या चॅप्लेनला तिचा व्यासंग स्वतःच्या फावल्या वेळातच करावा लागे.

घोडनदीच्या काठचे शिरूर हे त्या काळी पुण्याच्या तैनाती फौजेचे ठाणे होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी याच छावणीतून निघाली होती. कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला. त्याची कबर शिरूरला आहे. आसपासचे गावकरी या इंग्रज सेनानीला सत्पुरुष मानून त्याच्या कबरीला नवस बोलत. इंग्रजांच्या दफनभूमीत स्थानिक श्रद्धेने असा आपला मार्ग शोधला होता. छावणीच्या धर्माधिकाऱ्याचे जग आणि छावणीबाहेरच्या लोकांचे जग किती जवळ आणि तरीही किती वेगळे होते, हे यावरून कळते.

१८१९ मध्ये ख्रिस्ती धर्माच्या प्रमाणांविषयीची रॉबिन्सनची प्रवचने कलकत्त्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. हा ग्रंथ त्याने पहिला बिशप मिडलटन याला अर्पण केला होता. मिडलटनचे त्याच्याकडे लक्ष गेले ते याच सुमारास. पुण्यास आल्यावर त्याने जुन्या कराराच्या फारसी भाषांतराचे काम चालविले. त्यातील योसेफाची कथा १८२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. पुण्यात बसून फारसी कशासाठी? मराठीची वाट तोपर्यंत अनोळखी राहिलेली नव्हती. श्रीरामपूरला विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठी व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला होता. मुंबईत १८१३ पासून अमेरिकन मिशनरी मराठीत काम करीत होते. सोलापूरकडे मोल्सवर्थ आणि टॉमस कँडी हे दोन लष्करी अधिकारी शब्दसंग्रह करीत होते. त्याचे फळ म्हणजे १८३१ चा कोश. लष्करी पेशा आणि मराठीचा व्यासंग यांचे वैर नव्हते, हे या दोघांनी दाखवून दिले.

रॉबिन्सनच्या निवडीमागे दोन कारणे संभवतात. पहिले कारण हेन्री मार्टिन या पूर्वसूरीच्या उदाहरणाचे. मार्टिन हाही कंपनीचा चॅप्लेन. दानापूर आणि कानपूर येथील छावण्यांत त्याने काम केले. १८११ च्या आरंभी तो कलकत्त्याहून मुंबईस आला, तेव्हा पुण्याच्या रेसिडेंटपदावर रुजू होण्यास निघालेला एल्फिन्स्टन त्याचा सहप्रवासी होता. मुंबईहून इराणला जाऊन मार्टिनने शिराझ येथे मिर्झा सय्यद अली याच्या साहाय्याने नव्या कराराचे फारसी भाषांतर पुरे केले आणि १८१२ मध्ये तोकात येथे तो वारला. नवा करार फारसीत झाला, जुना राहिला. केंब्रिजच्या तरुण धर्मगुरूंपुढे मार्टिनचा आदर्श होता; त्याचे अपुरे काम पुढे नेणे हे रॉबिन्सनला कर्तव्य वाटले असल्यास नवल नाही.

दुसरे कारण फारसीच्या प्रतिष्ठेचे. ती दरबाराची, राजकारणाची आणि सुशिक्षितांची भाषा होती. मराठी राज्यातही परदरबारांशी होणाऱ्या व्यवहारासाठी फारसीनवीस लागत. शिवकालात राज्यव्यवहारकोश रचावा लागला, एवढा फारसीचा पगडा आपल्या कारभारी भाषेवर होता. हिंदुस्थानपासून इराणपर्यंतचा वाचक एकाच भाषांतराने गाठता येईल, असा विश्वास त्या वेळच्या युरोपीय विद्वानांना वाटणे स्वाभाविक होते. मराठी त्यांच्या दृष्टीने एका प्रांताची बोली. फारसी मात्र ग्रंथांची भाषा. रॉबिन्सन या समजुतीचा प्रतिनिधी होता.

१८२५ नंतर त्याचे महाराष्ट्राशी असलेले नाते सुटले. हीबरच्या दौऱ्यांत तो सतत बरोबर असे. ३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्ली येथे सकाळी तमिळ ख्रिस्ती मंडळींची उपासना आटोपून हीबर मुक्कामी परतला आणि स्नानाच्या कुंडात त्याला मृत्यू आला. वय अवघे बेचाळीस. रॉबिन्सन तेव्हा तेथेच होता. मृत्युप्रसंगीचे प्रवचन त्याने केले आणि पुढे हीबरच्या अखेरच्या दिवसांचा सविस्तर वृत्तांत लिहिला. तो १८२९ मध्ये मद्रासला प्रसिद्ध झाला. पुण्यातल्या पलटणीच्या चॅप्लेनला कीर्ती मिळाली ती या ग्रंथामुळे. हा ग्रंथ निघण्यापूर्वीच तो मद्रासचा आर्चडीकन झाला होता.

फारसीचे काम त्याने सोडले नाही. यशया ते मलाखी हा भाग १८३७ मध्ये, इतिहास ते गीतरत्न हा भाग १८३८ मध्ये प्रसिद्ध झाला. पण तोवर काळ बदलला होता. १८३७ च्याच एकोणतिसाव्या कायद्याने कंपनीच्या कचेऱ्यांतून फारसी हटविण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे इराणसाठी जो जुना करार रूढ झाला, तो विल्यम ग्लेनचा. तो १८४५ मध्ये एडिंबरोस छापला गेला. मार्टिनच्या नव्या कराराला जोड मिळाली ती ग्लेनची. इतक्या वर्षांचे रॉबिन्सनचे परिश्रम ग्रंथालयात राहिले.

उलट, ज्या भाषेला त्याने बाजूस ठेवले ती पुढे निघाली. १८३२ मध्ये जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू झाले. १८३३ मध्ये जॉन स्टीव्हन्सनचे मराठी व्याकरण आले. हा स्टीव्हन्सन आधी मिशनरी होता. पुढे तो मुंबईत स्कॉटिश चर्चचा चॅप्लेन झाला आणि विठ्ठलभक्ती व लेण्यांतील शिलालेख यांवर लिहू लागला. हुद्दा तोच, पण कान देण्याची दिशा वेगळी.

रॉबिन्सनच्या उत्तरायुष्यात मानसन्मानाची उणीव नव्हती. १८३७ मध्ये तो केंब्रिजला अरबीचा प्राध्यापक झाला, १८४५ मध्ये लंडनच्या टेंपल चर्चचा मास्टर झाला, १८५४ मध्ये रोचेस्टरचा कॅनन झाला. टेंपलचे पद त्याने १८६९ मध्ये सोडले आणि १३ मे १८७३ रोजी रोचेस्टर येथे त्याचे निधन झाले.

त्याला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. कवायतीच्या मैदानाशेजारी राहून परक्या दोन भाषांमध्ये सेतू बांधण्याची त्याची चिकाटी खरी होती. चूक होती ती अंदाजाची: प्रतिष्ठेच्या भाषेलाच भविष्य असते, हा अंदाज. योसेफाच्या फारसी कथेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९२५ मध्ये, पुण्यातच माधव जूलियनांचा फार्सी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. तोवर फारसी हा मराठीच्या अभ्यासाचा विषय झालेली होती. अव्वल इंग्रजी काळाचा इतिहास लिहिताना आपण मराठीकडे वळलेल्या परकीयांचीच गणना करतो. न वळलेल्यांचीही नोंद ठेवली, तर मराठीने त्या काळात कोणत्या अवहेलनेवर मात केली याचे माप अधिक नेमके मिळेल.