डाळीपासून निरेपर्यंत : डॉ. कमला सोहोनी



होळी झाली की आपल्याकडे घरोघरी उन्हाळी कामांची लगबग सुरू होते. तुरीच्या डाळीला ऊन देऊन ती डब्यात भरतात. गच्चीवर, अंगणात पापड, कुरड्या आणि मुगवड्या वाळू लागतात. पुढे कैऱ्या आल्या की वर्षाचे लोणचे घालतात. पावसाळ्यात नदीला पूर आला, बाजार भरला नाही, तरी घरातली चूल अडू नये म्हणून आई आणि आजी ही सगळी तजवीज करून ठेवतात. हे काम आपण लहानपणापासून पाहतो, म्हणून त्याचे विशेष वाटत नाही. परंतु आपल्या घरातल्या डाळी, दूध, गूळ अशा साध्या पदार्थांचा अभ्यास एका मराठी महिलेने आयुष्यभर प्रयोगशाळेत केला. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी. त्यांचा जन्म आपल्याच मध्य प्रदेशातल्या इंदूर शहरातला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

कमलाबाई माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म १९११ साली झाला. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, दोघांचे शिक्षण झाले होते. आपणही तिथेच शिकायचे, असे कमलाबाईंनी मनाशी ठरवले होते. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगळूरला अर्ज पाठवला.

अर्ज नाकारला गेला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. गुण कमी पडले असे नव्हते, अर्ज करणारी मुलगी होती एवढेच कारण होते. दुसरी एखादी मुलगी निमूटपणे घरी बसली असती. कमलाबाई मात्र थेट बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहून त्यांनी कारण विचारले. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले एक वर्ष परीक्षेचे होते. काम संचालकांच्या पसंतीस उतरले तरच ते मान्य होणार होते आणि मुलांच्या कामात त्यांच्यामुळे व्यत्यय येता कामा नये, अशीही अट होती. हा अपमान कमलाबाई कधी विसरल्या नाहीत. पण त्यांनी अटी पाळल्या आणि असे काम करून दाखवले की वर्षअखेर रामन यांचे मत बदलले. त्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

बंगळूरला श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३६ साली एम.एस्सी. पूर्ण करून त्या इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ नावाचे द्रव्य असते, असे त्यांना आढळले. पेशींच्या श्वसनासाठी हे द्रव्य फार महत्त्वाचे असते. त्यांचा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्या ओळखल्या जातात.

मनात आणले असते तर त्या परदेशातच राहू शकल्या असत्या. पण त्या १९३९ सालीच मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी जे विषय दिले ते सगळे गरिबाच्या ताटातले होते.

त्यांतला एक विषय कडधान्यांचा. वाल, डबल बीन अशा कडधान्यांत पचनाला अडथळा आणणारी काही द्रव्ये असतात. ती पोटात गेली की प्रथिने नीट पचत नाहीत. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही द्रव्ये वेगळी काढून दाखवली. चांगली उष्णता मिळाली की ती बरीचशी निकामी होतात. आपली आजी वाल रात्रभर भिजवते, मोड आणते आणि मग मऊ शिजवते. तिला या द्रव्याचे नाव ठाऊक नसते, पण तिची रीत बरोबर असते.

दुसरा विषय निरेचा. ताडामाडाच्या झाडाचा हा गोड रस पहाटे उतरवतात. ऊन चढले की तो आंबू लागतो आणि त्याची ताडी होते. तो आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. फार दिवस टिकवायचा तर कढवून त्याचा गूळ करतात. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी निरेचा अभ्यास हाती घेतला. तिच्यात लोह आणि जीवनसत्त्वे आहेत आणि गूळ केल्यावरही त्यांचा अंश टिकतो, असे त्यांना आढळले. आदिवासी भागातील कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना निरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे दिसले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

मानमरातब मात्र त्यांच्या वाट्याला उशिरा आले. संस्थेच्या संचालकपदासाठी योग्यता असूनही त्यांना थांबावे लागले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांना जागे करणाऱ्या कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या त्या १९८२-८३ मध्ये अध्यक्षा होत्या. ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी त्यांनी लेख लिहिले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, १९९८ साली, त्यांचे निधन झाले.

मित्रहो, येत्या उन्हाळ्यात आजी वाळवण घालील तेव्हा तिच्याजवळ बसा. डाळीला ऊन का देतात, लोणच्यात मीठ कमी पडले तर काय होते, फोडींवर तेल का हवे, हे तिला विचारा. तिची उत्तरे वहीत लिहून ठेवा आणि शाळा उघडल्यावर विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा. पालकांना आणि विश्वस्तांना एकच विनंती आहे. आपल्या मुलीने विज्ञान शाखेचा अर्ज पुढे केला तर तो मागे सारू नये. कमलाबाईंचा अर्ज परत आला तेव्हा त्या स्वतः बंगळूरला जाऊ शकल्या, कारण घरचे त्यांच्या पाठीशी होते.