जेम्स वॅटचा पोटमाळा

जेम्स वॅट आणि चहाच्या किटलीची गोष्ट शाळेत सगळ्यांनीच ऐकलेली असते. उकळत्या पाण्याने झाकण उडवलं आणि वाफेचं इंजिन जन्माला आलं, असं त्या गोष्टीचं सार. ती कितपत खरी, याबद्दल अभ्यासकांना शंकाच आहे. वॅटच्या आयुष्यातलं दुसरं एक भांडं मात्र नक्की खरं आहे. बर्मिंगहॅमजवळच्या त्याच्या घरात, पोटमाळ्यावरच्या शेगडीपाशी एक तवा असे. सत्तरी ओलांडलेला हा जगप्रसिद्ध म्हातारा त्यावर स्वतःचं जेवण गरम करून घ्यायचा, कारण हातातलं काम सोडून खाली जायला त्याला नको वाटायचं. किटलीपेक्षा हा तवा जास्त बोलका आहे, निदान निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसांसाठी तरी.

वॅटचा जन्म १९ जानेवारी १७३६ चा, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदराच्या गावी. वडील जहाजांची कामं आणि व्यापार करायचे. मुलगा प्रकृतीने नाजूक. डोकं दुखायला लागलं की दिवसेंदिवस अंथरुणात पडून राही, त्यामुळे सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. आजच्या डॉक्टरने ही लक्षणं ऐकली तर त्याच्या मनात पहिल्यांदा अर्धशिशी येईल. पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचं निदान लांबून करू नये हेच बरं. वडिलांनी या पोराला लहान मापाची हत्यारं आणि आपल्या कारखान्यात एक बाक दिला. शाळेत मागे पडणारा मुलगा त्या बाकावर छोट्या छोट्या यंत्रांचे नमुने बनवू लागला. डोकेदुखी काही त्यामुळे गेली नाही, पण हाताला काम मिळालं.

पुढे लंडनमध्ये एक वर्ष शास्त्रीय उपकरणं बनवण्याचं काम शिकून, पाठदुखी आणि खोकला घेऊन तो परतला. ग्लासगो विद्यापीठाने त्याला आवारात एक खोली दिली. १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच्याकडे दुरुस्तीला एक खेळण्याएवढं यंत्र आलं. न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाचं ते मॉडेल होतं, विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी ठेवलेलं. सिलिंडर फक्त दोन इंच रुंद, दट्ट्याची धाव सहा इंच. खाणीतलं पाणी उपसणारी याच जातीची मोठी इंजिनं दिवसरात्र चालत, आणि हे मॉडेल मात्र दोन-चार हेलकावे मारून बंद पडायचं. दुरुस्त केलं तरी तेच.

का, हा प्रश्न वॅटला सोडेना. वस्तू लहान झाली की तिचं आकारमान जितकं घटतं, तितका तिचा पृष्ठभाग घटत नाही. म्हणजे आतल्या ऐवजाच्या मानाने बाहेरची कातडी जास्त, आणि उष्णता तर कातडीतूनच जाते. सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात हाच नियम रोज दिसतो. दीड-पावणेदोन किलोचं बाळ मोठ्या माणसापेक्षा फार लवकर गार पडतं, म्हणून त्याला टोपी-मोजे घालून आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला सांगतात. विद्यापीठातलं ते मॉडेल म्हणजे इंजिनांमधलं कमी वजनाचं बाळच होतं.

पण वॅट तेवढ्यावर थांबला नाही. मोजमाप करताना त्याच्या लक्षात आलं की मोठ्या इंजिनातही मूळ दुखणं तेच आहे. त्या इंजिनात सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग त्यातच गार पाण्याचा फवारा मारून ती थंड करायची. पोकळी तयार झाली की बाहेरची हवा दट्ट्याला खाली ढकले. पुढच्या वेळी तोच गार झालेला सिलिंडर पुन्हा तापवायचा. निम्म्याहून जास्त वाफ नुसती भांडं तापवण्यातच जायची. १७६५ च्या मे महिन्यातल्या एका रविवारी ग्लासगोच्या मैदानावर फिरताना त्याला उत्तर सुचलं: वाफ थंड करायला वेगळं भांडं ठेवायचं, सिलिंडर कायम गरमच राहू द्यायचा. १७६९ मध्ये पेटंट मिळालं. सुचायला एक दिवस, आणि ते चालतं करायला दहा-अकरा वर्षं.

ती वर्षं वाईट गेली. पैसा नाही, भागीदार बुडालेला. १७७३ मध्ये पहिली बायको बाळंतपणात गेली. पुढच्या वर्षी तो बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराकडे आला आणि नशीब पालटलं. इंजिनं विकली जाऊ लागली, नाव झालं. तब्येत मात्र तशीच राहिली. डोकेदुखी, निरुत्साह, सगळं संपलं असं वाटायला लावणारी उदासी, पुढे नकला करणाऱ्यांशी कोर्टकचेऱ्या. यशाने माणसाची उदासी जातेच असं नाही, हे बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या कोणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच्या मित्रमंडळात डॉक्टर बरेच होते. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे एक. हृदयविकारावर डिजिटालिस ही वनस्पती पद्धतशीर वापरून पाहणारे विल्यम विदरिंग हे दुसरे. तरीही १७९४ मध्ये त्याची पंधरा वर्षांची लाडकी मुलगी जेसी क्षयाने गेली. क्षयाचा जंतू सापडायला अजून ८८ वर्षं होती, आणि त्यावर चालणारं पहिलं औषध यायला दीडशे.

या दुःखात वॅटने जे केलं ते फारसं सांगितलं जात नाही. थॉमस बेडोज नावाचे एक डॉक्टर निरनिराळे वायू हुंगवून छातीचे रोग बरे करता येतील का हे पाहत होते. मुलीच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच वॅट त्यांच्यासाठी वायू तयार करायची आणि रुग्णाला ते श्वासावाटे देण्याची उपकरणं आखायला बसला. ती त्याच्याच कारखान्यात बनली. बेडोजबरोबर त्याने या विषयावर पुस्तकही काढलं. उपचाराने क्षय बरा झाला नाही, होणंही शक्य नव्हतं. पण बेडोजनी ब्रिस्टॉलमध्ये जी संस्था काढली, तिथे हम्फ्री डेव्ही या तरुणाने नायट्रस ऑक्साइड स्वतः हुंगून पाहिला आणि १८०० मध्ये लिहून ठेवलं की शस्त्रक्रियेत वेदना घालवायला हा वायू उपयोगी पडू शकेल. भूलशास्त्राची एक मुळी अशी एका बापाच्या शोकापर्यंत जाऊन पोचते.

त्याच वर्षी, १८०० मध्ये, पेटंटची मुदत संपली आणि ६४ वर्षांच्या वॅटने धंदा मुलांच्या हाती सोपवला. आपल्याकडे सरकारी नोकर ५८ व्या वर्षी घरी येतो. मारेगावसारख्या तालुक्याच्या गावात निवृत्त शिक्षक, लाइनमन, वणीकडच्या कोळसा खाणीतून सुटलेले कामगार सकाळी चौकात भेटतात. पहिले सहा महिने सत्कार, लग्नं आणि तीर्थयात्रा यांत जातात. मग झोप लागत नाही, पोट साफ होत नाही, छातीत धडधडतं अशा तक्रारी घेऊन ते दवाखान्यात येऊ लागतात. वॅटचं तसं व्हायला सगळी कारणं होती. प्रकृती मुळात तोळामासा, स्वभाव चिंतेखोर, आणि मित्र एकामागून एक चाललेले. त्याच्या काळजीचं एक कारण तर आजच्या रुग्णांसारखंच होतं: आपली बुद्धी मंद होत चालली आहे, विसरायला होतंय, अशी त्याला भीती वाटे. असं सांगतात की मेंदू शाबूत आहे की नाही हे तपासण्यासाठी त्याने म्हातारपणी मुद्दाम एक नवी भाषा शिकायला घेतली, आणि ती जमली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

मग १८०४ आलं. धाकटा मुलगा ग्रेगरी, हुशार, भूगर्भशास्त्राची आवड असलेला, वयाच्या २७ व्या वर्षी गेला. पुन्हा क्षयच.

हेथफिल्ड या घराच्या पोटमाळ्यावर वॅटची छोटी कार्यशाळा होती. छत बुटकं, खिडकी एकच, खिडकीपाशी पायाने चालवायचं लेथ. भिंतीवर कानशी, छिन्न्या, खणांत मोजमापाची उपकरणं, रसायनांच्या बाटल्या. खाली बायकोला स्वच्छतेचं भारी वेड. कामाचे कळकट कपडे घालून दिवाणखान्यात आलेलं तिला खपत नसे म्हणतात. वर त्याचं राज्य. तिथे तो अखेरच्या पंधरा वर्षांत एका यंत्रामागे लागला होता, मूर्तीची हुबेहूब नक्कल कोरणारं यंत्र. १८०२ मध्ये पॅरिसला गेला असताना पदकांच्या नकला करणारं एक यंत्र त्याने पाहिलं होतं. सपाट पदकाऐवजी पूर्ण गोल पुतळ्याची नक्कल करता येईल का, हा त्याचा ध्यास.

बाजारात डुप्लिकेट चावी करून देणारा बसतो, त्याचं यंत्र आठवा. एका बाजूला मूळ चावीवरून एक बोथट टोक फिरतं, आणि त्याच हालचालीने दुसऱ्या बाजूचं धारदार चाक कोरी चावी कापतं. वॅटचं तत्त्व तेच, फक्त चावीऐवजी माणसाचा चेहरा. बोथट टोक मूर्तीच्या नाकाकपाळावरून फिरणार, जोडलेला दांडा गरगर फिरणारी कोरणी त्याच बरहुकूम हलवणार, आणि मूळ मूर्ती व कोरा तुकडा दोन्ही एकदमच वळणार. एक यंत्र मूर्ती लहान करून कोरणारं, दुसरं त्याच मापाचं. दांडा जरा जरी लवचीक असला तर नाक बिघडतं. त्यामुळे वर्षानुवर्षं दांडे बदलणं, सांधे घट्ट करणं, नवी कोरणी घडवणं चाले. प्लॅस्टर, अलाबास्टर, हस्तिदंत यांत त्याने पुष्कळ छोटे पुतळे कोरले. ८३ व्या वर्षात पदार्पण करणाऱ्या एका होतकरू कलाकाराची ही कृती आहे, अशी थट्टा करत तो ते मित्रांना भेट देई.

या काळात त्याची डोकेदुखी कमी झाली, मनही बरंच निवळलं. ऐंशीच्या आसपासच्या वॅटला एडिंबरोत भेटलेला कादंबरीकार वॉल्टर स्कॉट त्याच्या उत्साहाने आणि कुठल्याही विषयावर बोलण्याच्या तयारीने चकित झाला होता. हा गुण पोटमाळ्याचाच, असं म्हणण्याचा मोह होतो. डॉक्टरने तो आवरलेला बरा. अर्धशिशी वाढत्या वयात अनेकांची आपोआप कमी होते. धंद्याची कटकट संपली होती, पैशाची ददात नव्हती. उतारवयात मेंदूला चालना देणारे छंद असणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळतो, असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. पण छंदामुळे मेंदू शाबूत राहतो की शाबूत मेंदूचीच माणसं छंद टिकवतात, हे सोडवणं अवघड आहे. शिवाय वॅट नुसता माळ्यावर कोंडून बसलेला नव्हता. तो प्रवास करी, वेल्समध्ये जमीन घेऊन झाडं लावी, पत्रं लिही. ग्लासगोच्या पाणीपुरवठा कंपनीला क्लाइड नदीच्या तळातून नळ न्यायचा होता, तेव्हा झिंग्याच्या जातीच्या लॉब्स्टरची शेपटी पाहून सांध्यासांध्याने वळणारा नळ त्याने आखून दिला.

आणि माळ्यावर धोकेही होते, ते सांगायला हवेत. बंद खोलीत प्लॅस्टरची आणि दगडाची धूळ, शेगडीचा धूर, फिरती कोरणी. आज कोणी निवृत्त माणूस घराच्या मागच्या पडवीत लेथ किंवा ग्राइंडर लावून बसणार असेल, तर डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क आणि खिडकी उघडी हवी. दगड कापताना उडणारी बारीक सिलिकाची धूळ फुफ्फुसात कायमची घर करते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धारदार हत्याराला हात घालण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

त्या खोलीत हत्यारांशिवाय आणखी एक वस्तू होती. केसाळ कातड्याने मढवलेली एक पेटी. तिच्यात ग्रेगरीच्या शाळेच्या वह्या आणि चित्रं होती. बाप पंधरा वर्षं त्या पेटीशेजारी बसून दुसऱ्यांचे चेहरे कोरत राहिला. यावर भाष्य करायचं तर करता येईल, पण वॅटने स्वतः ते केलेलं नाही.

२५ ऑगस्ट १८१९ रोजी तो वारला, वय ८३. मूर्तीचं यंत्र पुरतं झालंच नव्हतं. खोलीला कुलूप लागलं आणि पुढची कित्येक दशकं ती क्वचितच उघडली गेली. दरम्यान, १८८२ मध्ये शक्तीच्या एककाला वॅटचं नाव सुचवण्यात आलं. शेतातल्या मोटरीचा एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. गंमत म्हणजे हॉर्सपॉवर हे मापही रुळवलं त्यानेच. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला गाडीला मँचेस्टरहून आलेलं वाफेचं इंजिन १९९० च्या दशकापर्यंत ओढत होतं.

१९२४ मध्ये हेथफिल्ड पाडण्याच्या बेतात असताना पोटमाळ्यातल्या वस्तू एकेक नोंदवून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हलवल्या गेल्या. आठ हजारांहून जास्त निघाल्या. खिडकी, लेथ, शेगडी, दोन्ही अर्धवट यंत्रं आणि खणांतल्या कानशी त्याच्या वेळी होत्या तशाच तिथे मांडून ठेवलेल्या आहेत. ग्रेगरीची पेटीही त्यांच्याबरोबर गेली.