मानेच्या शिरेवर हृदयाचा चुकलेला ताल पकडणारा डॉक्टर

झडप दुरुस्त करायला हृदय उघडलंच आहे, तर त्याच ऑपरेशनमध्ये बिघडलेले ठोकेही ताळ्यावर आणायचे. आजचे हार्ट सर्जन हे करतात आणि त्याला अब्लेशन म्हणतात. पण खराब झडप आणि बिघडलेले ठोके यांची सोबत फार आधी बघून ठेवली ती एका फॅमिली डॉक्टरने. नाव जेम्स मॅकेन्झी.

१८५३ साली स्कॉटलंडमध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्म. एडिनबरात डॉक्टर झाले आणि १८७९ मध्ये इंग्लंडमधल्या बर्नली या गिरणगावात प्रॅक्टिस सुरू केली. तिथं त्यांच्या देखरेखीखालची एक तरुण बाई बाळंतपणात हृदय थकून गेली. कोणतं हृदय धोक्याचं हे आधी ओळखता यायला हवं, हे मॅकेन्झींनी मनावर घेतलं.

ईसीजी तेव्हा नव्हता. मग मनगटाची नाडी आणि मानेची शीर या दोन्हींच्या लाटा एकाच कागदावर उमटवणारं यंत्र त्यांनी बनवलं. पुढं ते सुधारायला गावातला घड्याळवाला मदतीला आला. हृदयाचे वरचे कप्पे आवळले की मानेच्या शिरेत एक छोटी लाट उठते. त्यांची एक पेशंट होती, रुमॅटिक तापाने मायट्रल झडप अरुंद झालेली. तिला ते १८८० पासून तपासत होते. १८९७ मध्ये तिचे ठोके अचानक वेडेवाकडे पडू लागले आणि ती लाटच गायब झाली. म्हणजे वरचे कप्पे आवळतच नव्हते!

ते कप्पे लुळे पडलेत असं मॅकेन्झींना वाटलं. प्रत्यक्षात ते नुसते थरथरत होते. १९०९ मध्ये थॉमस लुईस यांनी ईसीजीवर ते दाखवलं. हेच एट्रियल फिब्रिलेशन. यात रक्त साकळून गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात.

१९०७ मध्ये मॅकेन्झी लंडनला गेले, १९१५ मध्ये सर झाले. त्यांचा शब्द आता प्रमाण होता. झडपेपेक्षा हृदयाचा स्नायू महत्त्वाचा, असं ते शिकवायचे. त्यामुळे छातीत नुसता आवाज येतो म्हणून अंथरुणावर निजवलेली कित्येक धडधाकट माणसं सुटली. पण याची दुसरी बाजूही आहे. जानेवारी १९२५ मध्ये मॅकेन्झी हृदयविकारानेच गेले. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांच्या हृदयाची तपासणी झाली. मे महिन्यात, ते जिथं काम करायचे त्याच लंडन हॉस्पिटलात हेन्री सुटार यांनी हृदयात बोट घालून एका मुलीची अरुंद मायट्रल झडप मोकळी केली. मुलगी वाचली, पण डॉक्टरांनी सुटारांकडे दुसरा पेशंट पाठवलाच नाही. झडप खरा रोग नाही, ही शिकवण मुरली होती. पुढची वीसेक वर्षं हे काम अडलं.

ठोक्यांचा उपाय १९८७ मध्ये आला. अमेरिकेत सेंट लुईसला जेम्स कॉक्स यांनी वरच्या कप्प्यांत ठरावीक रेषांत काप देऊन ते शिवले. व्रणातून वीज जात नाही, त्यामुळे भरकटलेल्या लहरींची वाट बंद होते. आता सुरीऐवजी बहुतेक वेळा रेडिओ लहरींची उष्णता किंवा कडक गारठा वापरतात. मायट्रल झडपेपर्यंत पोचायला सर्जन सहसा डावा वरचा कप्पा उघडतातच. त्याच वेळी या रेषा आखून घेतात, कारण नुसती झडप बदलली तर अनेकांचे ठोके तसेच बिघडलेले राहतात.