विश्लेषण : गांधीजींचा चरखा टिपणाऱ्या छायाचित्रकाराच्या मेंदूवर कोणती शस्त्रक्रिया झाली होती?

समोर चरखा आणि मागे जमिनीवर बसून वाचनात गढलेले महात्मा गांधी, हे १९४६ मधील छायाचित्र बहुतेकांनी पाहिलेले असते. ते टिपणाऱ्या अमेरिकी छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांना पुढे काही वर्षांतच कंपवाताने, म्हणजे पार्किन्सन्सने गाठले. आज या आजारावर मेंदूत इलेक्ट्रोड बसवून ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’चा (डीबीएस) उपचार केला जातो. बर्क-व्हाइट यांच्यावर झाली ती त्याआधीच्या पिढीतली शस्त्रक्रिया.

कोण होत्या बर्क-व्हाइट?

जन्म १९०४, न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या १९३६ च्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ त्यांचेच. दुसऱ्या महायुद्धात मॉस्कोवरचे बॉम्बहल्ले त्यांनी टिपले, पाणतीराने बुडवलेल्या जहाजातून वाचल्या, बुखेनवाल्डच्या छळछावणीत कॅमेरा घेऊन गेल्या. गांधीजींचे छायाचित्र काढण्याआधी त्यांना सूत कातायला शिकावे लागले होते. तशी अटच होती. धागा काही त्यांना नीट जमला नाही! ३० जानेवारी १९४८ रोजी हत्येच्या काही तास आधी त्या गांधीजींना भेटल्या होत्या.

आजार कसा लक्षात आला?

कोरियन युद्धाचे काम केल्यानंतर डाव्या पायात दुखू लागले. चाल अडखळू लागली, बोटे ताठरली. मेंदूत डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत गेल्या, की हालचालींचे नियंत्रण बिघडते. हे त्या काळी पुरते उलगडले नव्हते आणि लेव्होडोपा हे प्रभावी औषधही आले नव्हते. बर्क-व्हाइट यांनी बराच काळ आजार लपवला. ज्या छायाचित्रकाराचे हात थरथरतात त्याला काम कोण देणार, ही भीती समजण्यासारखी आहे. १९५७ नंतर मात्र काम थांबलेच.

शस्त्रक्रिया काय होती?

न्यूयॉर्कचे शल्यविशारद आयर्विंग कूपर यांच्या हातून १९५२ मध्ये एका शस्त्रक्रियेत मेंदूतील एक रक्तवाहिनी फाटली. ती बांधून टाकावी लागली, आणि रुग्णाचा कंप नाहीसा झाला. या अपघातातून त्यांनी पद्धत उभी केली. कवटीला छोटे छिद्र पाडायचे, नळी मेंदूत खोलवर थॅलॅमसपर्यंत न्यायची आणि अल्कोहोल टोचून नेमका तेवढाच भाग निकामी करायचा. रुग्ण जागा असे, त्यामुळे हात स्थिर झाला की नाही ते तिथेच कळे. बर्क-व्हाइट यांच्यावर १९५९ मध्ये अशी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बोटांत बळ यावे म्हणून त्या वर्तमानपत्रांचे कागद चुरगळत बसत. याच वर्षी ‘लाइफ’मध्ये त्यांच्या आजाराची सचित्र कहाणी आली आणि गुपित संपले.

१९६१ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली. कंप गेला, पण वाचाही अडखळू लागली. थॅलॅमसच्या दोन्ही बाजूंना अशी जखम केल्यास बोलण्यावर परिणाम होण्याचा धोका मोठा असतो, आणि एकदा जाळलेला किंवा निकामी केलेला भाग परत आणता येत नाही.

डीबीएस वेगळे कसे?

१९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद अशीच जखम करण्याची जागा तपासत होते. सेकंदाला शंभराहून अधिक विद्युत स्पंदने दिली की कंप थांबतो, असे त्यांना दिसले. मग जखम करायचीच कशाला? इलेक्ट्रोड आतच ठेवायचा आणि छातीच्या त्वचेखाली पेसमेकरसारखे यंत्र बसवायचे. अमेरिकेत कंपासाठी १९९७ मध्ये, तर पार्किन्सन्सच्या व्यापक लक्षणांसाठी २००२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. डीबीएसने आजार बरा होत नाही आणि बोलण्यावरचा दुष्परिणाम यातही होऊ शकतो. मात्र तसे झाले तर डॉक्टर बाहेरून विद्युतप्रवाह कमी-जास्त करून पाहू शकतात किंवा यंत्र बंद करू शकतात.

पुढे काय झाले?

बर्क-व्हाइट यांचे आत्मचरित्र १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी आजारपण मोकळेपणाने लिहिले आहे. लेव्होडोपाला अमेरिकेत १९७० मध्ये मान्यता मिळाली आणि कूपर यांच्यासारख्या शस्त्रक्रिया झपाट्याने मागे पडल्या. पुढच्याच वर्षी, २७ ऑगस्ट १९७१ रोजी, बर्क-व्हाइट यांचे कनेक्टिकटमध्ये निधन झाले. त्या ६७ वर्षांच्या होत्या.