‘करमणूक’कार हरिभाऊ

आमच्या वाचनालयाचे कपाट उघडले, की ऐतिहासिक कादंबरीचा चाहता दुसऱ्या पुस्तकास हात लावीत नाही. अशा विद्यार्थिमित्रांस हरि नारायण आपटे यांचे चरित्र सांगावेसे वाटते.

खानदेशातील पारोळे येथे ८ मार्च १८६४ रोजी हरिभाऊंचा जन्म झाला. मातेचे छत्र बालपणीच हरपले. पुण्यास चुलत्यांच्या आश्रयाने शिक्षण झाले; परंतु गणिताशी सूत जमले नाही व पदवी हाती आली नाही. (गणितात अडणाऱ्यांनी याचा भलता अर्थ घेऊ नये!) वाचन मात्र अफाट होते.

१८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले व १९१७ पर्यंत चालविले. त्यापूर्वीच्या मराठी कादंबरीत अद्भुत योगायोगांची दाटी असे. हरिभाऊंनी एकाच पत्रातून शिवकालीन ‘उषःकाल’, ‘स्फुट गोष्टी’ आणि सामाजिक कादंबऱ्याही दिल्या. करमणुकीसाठी अंक उघडणारास तेथे शेजारच्या घरातले दुःख भेटे. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ मध्ये यमुना आपली कहाणी स्वतःच सांगते: बालविवाह, वैधव्य, बळजबरीचे केशवपन.

आमच्या घरची बोली कोकणी. ग्रंथांतले मराठी आम्हांला परके वाटे. आम्हीही तोवर लढायांचीच पुस्तके वाचीत असू. यमुना मात्र घरच्या आजीसारखी बोलू लागली, आणि त्या रात्री कंदील विझवावयाचे राहून गेले.

३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊ निवर्तले. लढायांच्या चाहत्यांसाठी विजयनगरच्या नाशावरील त्यांची ‘वज्राघात’ आहेच. यमुना तिच्याच शेजारी ठेवली आहे.